नवले पुलाखाली तापणारी गाडी आणि खंबाटकीत तापणारी गाडी

मे महिन्यात मला एकाच माणसाचे दोन फोन येतात. पहिला, "अरे, गाडी तापतेय." दुसरा आठवड्याभरानं, "रेडिएटर बदलला, तरी तापतेय." मी दोन्ही वेळा एकच विचारतो, कुठे तापते? त्यावर उत्तर ठरलेलं. "कुठे म्हणजे? इंजिनात!"

माझा प्रश्न रस्त्याचा असतो. पुण्यात नवले पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गियरमध्ये सरपटताना तापते, की साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढताना? तापमानाचा काटा दोन्हीकडे लालकडेच जातो, म्हणून लोकांना तो एकच आजार वाटतो. प्रत्यक्षात एका ठिकाणी हवा कमी पडलेली असते आणि दुसऱ्या ठिकाणी पाणी. दोन दारांच्या टर्बो गाड्यांमध्ये हा गोंधळ फार महागात पडतो, कारण तिथे चुकीच्या निदानाचं बिल पाच आकडी येतं.

थोडा हिशोब करू. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला कूलंटच्या, म्हणजे इंजिनाभोवती फिरून त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, गळ्यात पडतो. सिग्नलला एसी लावून उभी असलेली लहान टर्बो गाडी तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पिते. म्हणजे कूलंटकडे सुमारे तीन किलोवॅट उष्णता आली. आपल्या मोरीतला इन्स्टंट गीझर तेवढाच असतो. हीच गाडी दोन माणसं घेऊन ताशी साठनं घाट चढायला लागली, की चाकांना वीस-पंचवीस किलोवॅट लागतात आणि जवळजवळ तितकीच उष्णता कूलंटमध्ये उतरते. सात-आठ गीझर. कोणी जोशात येऊन पाय दाबला तर पंधरा.

म्हणजे ट्रॅफिकमध्ये उष्णता किरकोळ असते, पण ती उडवून न्यायला वारा नसतो. घाटात समोरून वारा मिळतो, पण उष्णताच बेफाम असते. त्यात उन्हाळा दोघांनाही नडतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर धरलं, तर डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत तो फरक ८० असतो. मेमध्ये दुपारी ४० अंशांत उरतात फक्त ५५. गाडीला हातही न लावता रेडिएटरची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. वर्षभर लपून राहिलेलं दुखणं मेमध्येच बाहेर येतं ते यामुळे.

आता नवले पुलाखाली. इथे सगळी भिस्त फॅनवर. आकुर्डीच्या चेतकला हा आजार माहीत नव्हता, कारण तिचा पंखा फ्लायव्हीललाच बसवलेला होता. इंजिन फिरतंय म्हणजे वारा आहेच. पोर्शे ९११ ची इंजिनंही १९९८ पर्यंत हवेवरच थंड व्हायची आणि त्यांचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, तेव्हा या एका बाबतीत ती महागडी जर्मन गाडी आणि आपली चेतक एकाच गोत्रातल्या. आजच्या गाडीत मात्र फॅन विजेवर चालतो. त्यामागे सेन्सर, रिले, फ्यूज आणि वायरिंग आहे, आणि त्यातलं काहीही रुसू शकतं.

माझ्या एका मित्राच्या गाडीचं असंच झालं. गाडीचं नाव नको, गॅरेजचं तर नकोच. त्यांनी रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, आणि "रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलंय ना, मग तापणारच" असा शेराही मारला. मी संध्याकाळी शेजारी बसून वडगावपर्यंत गेलो. काटा हळूहळू चढत गेला आणि मग अचानक बोनेटखाली विमान उडाल्यासारखा आवाज झाला. काटा खाली आला, आवाज बंद. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शिवाय प्रत्येक सिग्नलला एसीची हवा कोमट होत होती आणि गाडी हलली की पुन्हा गार. या दोन खुणा एकत्र दिसल्या की पुढे फार शोधावं लागत नाही. फॅनचा हळू वेग गेलेला होता आणि फक्त जोराचा शिल्लक होता. हळू वेगाचा रेझिस्टर जळाला होता. नाना पेठेत तो काहीशे रुपयांत मिळाला. नवा रेडिएटर अर्थातच परत घेतला नाही कुणी.

आणखी एक चाचणी फुकटची आहे. अडकलेल्या गाडीत काटा चढत असताना एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन सक्तीनं सुरू होतो. एसी लावल्यावर काटा उलट उतरला, तर फॅन शाबूत आहे आणि त्याला हाक मारणारा सेन्सर मुका झालाय.

फॅनही नीट असेल, तर बंपरमागे टॉर्च मारून बघा. स्पोर्ट्स कारमध्ये पुढे गर्दी फार. आधी इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), त्यामागे एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर. कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या बोटभर फटीत धूळ, किडे आणि या दिवसांत गुलमोहराच्या पाकळ्या यांची गोधडी तयार होते. पोर्शेच्या बॉक्स्टरसारख्या मधे इंजिन असलेल्या गाडीत रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. तिथे पालापाचोळा साठतो, आणि बंपर काढल्याशिवाय तो नीट निघत नाही. धुताना पाणी इंजिनच्या बाजूनं पुढे सोडावं, तेही साध्या पाइपानं. वॉशिंग सेंटरची तोफ मारली की पातळ पात्या आडव्या होतात आणि होता तो वाराही बंद.

खंबाटकीचं दुखणं वेगळं. तिथे काटा चढावर चढतो, पाय काढला किंवा उतार लागला की उतरतो आणि शहरात दिवसभर शहाण्यासारखा राहतो. फॅन बदलून इथे काही साधत नाही, कारण वारा आहेच. पाणी फिरत नाही, किंवा फिरूनही उष्णता सोडत नाही. संशयित बरेच. कूलंट कमी, आत हवेचा फुगा, पंपाचं पातं झिजलेलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अर्धाच उघडतोय, किंवा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्यांत खडू साचलेला. गीझरच्या कॉइलवर साचतो तोच खडू. इन्फ्रारेड थर्मामीटरनं रेडिएटरवरून फेरी मारली आणि मधलाच एखादा पट्टा थंडगार लागला, तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. हेड गॅस्केटचा (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचा) संशय सगळ्यांत शेवटी घ्यावा, पण घ्यावा. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर तो घाट चढूच नये.

कूलंटचं झाकण मात्र सगळे विसरतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण १०५ च्या पुढेमागे उकळेल. झाकणानं दाब धरला तर तेच मिश्रण १२५ च्या पुढेही शांत राहतं. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी गादी गेली, आणि घाटात १०५ अंशांच्या आसपासच उकळी फुटते. दुसरं काहीही बदलण्याआधी झाकण बदला.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा बोलायचंय. "काढून टाका हो, आपल्याकडे कशाला लागतो" हा सल्ला मी इतक्या फिटरांकडून ऐकलाय की आता वाद घालत नाही. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो. सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर जास्त पेट्रोल जळतं. तो तपासणं अगदी सोपं आहे. माझ्या गाडीचा मी घरीच तपासला. नाश्ता झाल्यावर जुनं स्टीलचं पातेलं मागून घेतलं, जुना आणि नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले आणि मिठाईवाले वापरतात तो थर्मामीटर लावला. दोघांवर उघडायचं तापमान ८२ कोरलेलं. नवा ८३ ला हलला आणि ९५ पर्यंत चांगला बोटाच्या पेराच्या निम्म्यानं उघडला. जुना ९५ लाही जेमतेम नखभर. खंबाटकीत माझा काटा का चढत होता ते पातेल्यात दिसत होतं. (पातेलं त्यानंतर स्वयंपाकघरात परत घेतलं गेलं नाही.)

एक सावधगिरी काट्याबद्दलच. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर खिळवलेला असतो. खरं तापमान वीस-पंचवीस अंश हललं तरी तो ९० दाखवत बसतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. हजार-दीड हजाराचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर खरा आकडा बघा. ट्रॅफिकमध्ये तो ९५ ते १०५ मध्ये वर-खाली झुलणं ठीक. घाटात मात्र तो एकाच दिशेनं चढत राहिला तर त्याला वेळीच थांबवणं तुमच्या हातात असतं. तिथे गियर एक खाली टाका. वरच्या गियरमध्ये कुथत चढलात तर पट्ट्यावर चालणारा पंप हळू फिरतो.

दोन्ही आजार एकाच वेळी बघायचे असतील, तर सुट्ट्या जोडून आल्या की खोपोलीहून बोरघाट चढावा. चढण आहे आणि ट्रॅफिकही आहे. चढणीची उष्णता चालू आणि वारा जवळजवळ शून्य. कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग तिथे दरवर्षी लागते. अशा वेळी एसी बंद, हीटर पूर्ण आणि काचा खाली. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच. घामाघूम व्हाल, पण इंजिनातून एखाद-दोन गीझर कमी होतील. आकडा तरीही चढत असेल, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि वाफ नसेल तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालूच ठेवा, म्हणजे पंप फिरत राहील. वाफ दिसली तर लगेच बंद. झाकणाला हात अर्ध्या-पाऊण तासानं, फडकं धरून. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.