रात्रीची लघवी: आधी मोजा, मग प्रोस्टेटला बोल लावा

साठी उलटलेला पुरुष रात्री तीन-चार वेळा उठू लागला, की घरातलं निदान ठरलेलं असतं: 'प्रोस्टेट वाढलंय.' बरेचदा मूत्राशयाखालची ही ग्रंथी खरंच कारण असते. पण पुष्कळदा दोष सुजलेल्या पायांचा, रक्तातल्या साखरेचा, नाहीतर घोरण्याचा निघतो. हे ओळखायला मापाच्या खुणांचं प्लास्टिकचं भांडं, वही आणि तीन दिवस पुरतात.

दर वेळी भांड्यात लघवी करायची आणि वेळ व मिलिलिटर लिहायचे. चहा-पाणी किती घेतलं तेही. रात्रीच्या हिशोबात झोपल्यानंतरची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, दोन्ही धरायच्या. ही सकाळची हमखास विसरते, पण ती रात्रीच तयार झालेली असते. समजा 24 तासांत 1800 मिलि झाली, त्यातली 800 रात्रीची, म्हणजे 44 टक्के. पासष्टीनंतर हा आकडा 33 टक्क्यांच्या वर गेला, तर मूत्रपिंडंच रात्री जास्त लघवी बनवताहेत. मग दर खेपेला चांगली 300-400 मिलि होते आणि प्रोस्टेटच्या गोळीने फारसं काही साधत नाही. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं. म्हणून संध्याकाळपूर्वी तासभर पाय उंच ठेवून पडावं. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनेही पाय सुजू शकतात, तेव्हा ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावं. घोरता घोरता झोपेत श्वास अडकणाऱ्यांच्या हृदयातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. दिवसरात्र मिळून तीन लिटरच्या पुढे जात असेल, तर आधी साखर तपासा.

याउलट दर वेळी जेमतेम 100 मिलि, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, शेवटी थेंब थेंब, असं असेल तर संशय प्रोस्टेटवर. तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी, साधारण 20 ग्रॅमची असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. नळीलगतचा भाग वाढला की नळी आवळली जाते. सोनोग्राफीतला आकडा पाहून मात्र घाबरू नये. कधी 60 ग्रॅमची ग्रंथी निमूट राहते आणि 30 ग्रॅमची छळते. धारेचा वेग मोजायला जाताना मूत्राशय नीट भरलेलं हवं. 150 मिलिपेक्षा कमी झाली तर ती चाचणी फुकट गेली.

टॅम्सुलोसिन नळीभोवतीचे स्नायू सैल करतं, फरक काही दिवसांत कळतो. झटकन उठल्यास चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेत बुबुळ ढिलं पडतं. फिनास्टेराइड ही दुसरी गोळी ग्रंथीच आकसवते, पण त्याला सहा महिने द्यावे लागतात. त्याने रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीत पाहतात ते प्रथिन, सुमारे निम्म्यावर येतो. म्हणजे अहवालात 3 दिसला तर तो 6 समजायचा. गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही, तर कर्करोगाची शंका यायला हवी तिथे ती येतच नाही.

प्रोस्टेट वाढलेल्यांनी सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांतली नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी औषधं लघवी अडवतात. पार तुंबली, ओटीपोट फुगून दुखू लागलं, तर आणखी पाणी पिऊन जोर करत बसू नका. रुग्णालयात कॅथेटर (लघवी बाहेर काढणारी नळी) घातला की मिनिटांत आराम पडतो. आणि लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुखलंही नाही, तरी डॉक्टर गाठा.