मधुमेही मांजराचं इन्शुलिन वाढतच चाललंय? हॉर्मोनच्या तपासणीला येण्यापूर्वी

इन्शुलिनचा डोस दर भेटीला थोडा वाढतोय, तरी पाण्याचं भांडं सारखं रिकामं आणि ट्रे भिजलेला, अशा मांजरांच्या घरी आम्ही हे पत्रक देतो. एका वेळचा डोस किलोमागे दीड-दोन युनिटच्या वर जाऊनही शुगर उतरत नसेल, तर इन्शुलिनला विरोध करणारं शरीरात काय आहे ते शोधावं लागतं. कधी किडलेले दात असतात, कधी लघवीतला संसर्ग. ते नसेल तर हॉर्मोनकडे वळायचं.

पण त्याआधी तुमची सिरिंज आणि बाटली आम्हाला बघायची आहे. दोन्ही बरोबर आणाच. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची आणि १०० युनिटची, दोन्ही ताकदीची इन्शुलिनं मिळतात. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी. दुकानदाराने घाईत दुसरीच दिली की हिशेबच बिघडतो. ४० चं इन्शुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजने ५ च्या रेघेपर्यंत भरलं, तर मांजराला मिळतात फक्त २ युनिट. मग आपण नसलेला आजार शोधत बसतो. उलट चूक जास्त वाईट: १०० चं इन्शुलिन लाल टोपीत २ पर्यंत भरलं की जातात ५ युनिट, आणि शुगर धोकादायक उतरते. बाटली फ्रीजरला चिकटून गोठली होती का, उघडून किती दिवस झाले, सुई केसांतच रिकामी होते का, हेही सांगा. आम्ही तुमच्याकडून एकदा टोचून दाखवायला सांगू. परीक्षा समजू नका.

आता हॉर्मोन. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात छोटी गाठ होऊन वाढीचं हॉर्मोन जास्त झिरपू लागलं की इन्शुलिन चालेनासं होतं. हा आजार दुर्मीळ मानला जायचा. ब्रिटनमध्ये १२२१ मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला: सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मांजरांत या आजाराकडे बोट दाखवणारं आयजीएफ-१ (वाढीच्या हॉर्मोनमुळे रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं होतं. मध्यम वयाचे, नसबंदी झालेले बोके यात जास्त. शुगर हाताबाहेर असलेलं मांजर सहसा रोडावतं. हा बोका मात्र वजन वाढवतो. चेहरा रुंद होतो, खालचा जबडा पुढे येतो, पंजे मोठे दिसतात, झोपेत घोरतो. रोज बघणाऱ्याला हे कळत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचे समोरून काढलेले फोटो मोबाइलमध्ये शोधून ठेवा. आम्हाला त्यांचा खरंच उपयोग होतो.

कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींचं हॉर्मोन, तेही इन्शुलिनला विरोध करतं) वाढलेलं असेल तर कातडी कागदासारखी पातळ होते, साध्या ओढण्यानेही फाटते. असं काही दिसलं असेल तर आधी सांगा, म्हणजे आम्ही मानगुटीला धरणार नाही. थायरॉइड वाढलेल्या म्हाताऱ्या मांजराला भूक भरपूर, तरी हाडं दिसतात. त्यात फ्रुक्टोसामीनची (मागच्या काही दिवसांची सरासरी शुगर सांगणारी) तपासणी खोटा दिलासा देते, आकडा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो.

कधी हॉर्मोन बाहेरूनही येतं. खाजेसाठी कुणी दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, कानात-डोळ्यात घालायचे थेंब, माजावर येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या: सगळ्यांच्या चिठ्ठ्या किंवा रिकामी पाकिटं आणा. घरातल्या माणसाचं मलम मांजर चाटतं का, तेही.

दोन आठवड्यांची वही ठेवा. वेळ, डोस, खाल्लं किती, पाणी किती, आठवड्याला वजन. दिवसभरात किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी म्हणजे नक्कीच जास्त. कानाच्या कडेवरून घरी शुगर मोजायला आम्ही शिकवतो, ते शिकून घ्या. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीने चढते. इथला एकच आकडा बघून डोस ठरवायला आम्ही तयार नसतो.

येण्याच्या दिवशी खाणं आणि इन्शुलिन आपल्या मनाने बदलू नका, उपाशीही ठेवू नका. काय करायचं ते आदल्या दिवशी फोनवर ठरवू. मांजराने खाल्लंच नाही तर इन्शुलिन देण्याआधी विचारा. आयजीएफ-१ साठी एकदाच रक्त लागतं, पण इन्शुलिन सुरू होऊन सहा-आठ आठवडे झालेले असावेत, नाहीतर निकाल फसवा येऊ शकतो. कॉर्टिसॉलच्या तपासणीत आठ तासांत तीनदा रक्त घेतो. त्या दिवशी डबा, ओळखीचं पांघरूण आणि सवयीचं खाणं पाठवा. खर्च आधीच विचारा. सगळ्या तपासण्या एकदम कराव्या लागत नाहीत.

पिंजरा चार-पाच दिवस आधीपासून घरात उघडा ठेवा. रिक्षात तो टॉवेलने झाकून मांडीवर घ्या. बाहेर कुत्री असतील तर आत येऊ नका, फोन करा. फार बिथरणाऱ्या मांजराला निघण्यापूर्वी द्यायचं औषध असतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर त्याचा डोस कमी लागतो, म्हणून विचारल्याशिवाय देऊ नका.

दोन प्रसंगी ठरलेल्या वेळेची वाट बघू नका. खाणं बंद, उलट्या आणि मलूलपणा असेल तर त्याच दिवशी या. मांजर झोकांड्या खात असेल किंवा झटके येत असतील तर शुगर फार उतरलेली असू शकते, हिरड्यांना मध चोळा आणि निघा. झटका चालू असताना मात्र तोंडात बोट घालू नका, मध तो थांबल्यावर चोळा.

कारण सापडलं तर पुढे काय? पिट्युटरीची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन परदेशातल्या मोजक्या केंद्रांत होतं. इथे बहुतेक वेळा पुरेसं इन्शुलिन आणि काही गोळ्या यांवर चालवावं लागतं. थायरॉइडला गोळ्या आहेत. पण अशा कुठल्याही उपचाराने इन्शुलिनची गरज एकाएकी उतरू शकते, आणि कालचाच डोस आज जास्त होतो. उपचार सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे रोज शुगर मोजा. आकडा १०० च्या खाली दिसला तर पुढचं इन्शुलिन देण्याआधी आम्हाला फोन करा.