बालकुतूहल आणि शोध

दिसेल त्या गोष्टीचे कारण विचारण्याच्या, ती उघडून पाहण्याच्या आणि मोडून पुन्हा जोडण्याच्या मुलांच्या स्वाभाविक ओढीतून नवी वस्तू किंवा पद्धत निर्माण होण्याची प्रक्रिया. नुसते कुतूहल म्हणजे शोध नव्हे. हाताशी साहित्य आणि प्रश्न उडवून न लावणारे वडीलधारे माणूस असले, तरच ते कुतूहल शोधापर्यंत पोचण्याची शक्यता असते.

काही वेळा मूल केवळ प्रश्न विचारते आणि शोध मोठ्यांच्या हातून लागतो. काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, असे अमेरिकी संशोधक एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने १९४३ मध्ये विचारले. त्याचा पाठपुरावा करून त्यांनी १९४७ मध्ये झटपट छायाचित्रणाचे प्रात्यक्षिक दाखवले. लुई ब्रेल यांची गोष्ट निराळी. वडिलांच्या कारखान्यातील चामडे भोसकण्याच्या अवजाराने लहानपणीच डोळ्याला इजा होऊन त्यांची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंधशाळेत त्यांना चार्ल्स बार्बिए यांची, बोटांनी वाचायची बारा उठावदार टिंबांची लिपी मिळाली. परंतु तिचे अक्षर बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. ही अडचण वाचणाऱ्यालाच जाणवणारी होती, आणि ती दूर करणारी सहा टिंबांची रचना ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी सिद्ध केली.

सोलापूरच्या पूर्व भागात माग आणि घर जवळजवळ असल्याने यंत्र चालताना पाहण्याची संधी मुलांना सहज मिळत आली आहे. चादरीवरील नक्षी विणणाऱ्या जकार्ड या मागावरील यंत्रणेत पुठ्ठ्याच्या पट्टीला जेथे भोक असते तेथे सुई आरपार जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याला जोडलेला ताण्याचा (उभा) धागा, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या वर राहतो. भोक नसल्यास धागा खालीच राहतो. ‘हाच धागा का उचलला, शेजारचा का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर त्या भोकांत आहे, आणि अशाच पट्ट्या एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी योजल्या होत्या.

अशा जिज्ञासेला वाव देण्यासाठी २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकरिता शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळा उभारल्या जात आहेत. केंद्र सरकारच्या इन्स्पायर–मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या कल्पनेस १०,००० रुपये मिळतात. केगाव परिसरातील सोलापूर विज्ञान केंद्रात उपकरणे प्रत्यक्ष हाताळता येतात. शालेय प्रदर्शनांतील थर्माकोलची घोटीव मॉडेल मात्र पुष्कळदा पालकांच्या हातची असतात, आणि मुलाकडे परीक्षकांपुढे पाठ केलेली माहिती म्हणून दाखवण्याचे काम तेवढे उरते.