०.१ टक्का ते ९८ टक्के : गॅसच्या पाइपातल्या हायड्रोजनचा प्रवास

स्वयंपाकाच्या गॅसच्या पाइपात हायड्रोजन सोडायचा म्हटलं की नवाच प्रयोग वाटतो. पण ब्रिटनमधल्या घरांत तो दीडशे वर्षं जळत होता. दगडी कोळसा भट्टीत तापवून काढलेल्या ‘टाउन गॅस’मध्ये जवळपास निम्मा हायड्रोजनच असे. मुंबईतही १८६५ पासून रस्त्यावरचे दिवे कोळशाच्याच गॅसवर लागले. लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या नावात तो जमाना अजून शिल्लक आहे.

१९६७ ते १९७७ या दहा वर्षांत ब्रिटननं घरोघरचे बर्नर बदलून उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आणला. त्यात हायड्रोजन जवळजवळ नव्हताच. त्यामुळे १९९६ च्या सुरक्षा नियमांत ०.१ टक्क्याची मर्यादा आली तेव्हा ती कुणालाच जाचली नाही. गंमत अशी, की युरोपात विकायच्या शेगड्या आणि बॉयलर प्रयोगशाळेत २३ टक्के हायड्रोजनच्या मिश्रणावर पेटवून बघत, ज्योत उलटी बर्नरमध्ये शिरते का हे तपासायला. म्हणजे शेगडीला चालत होतं, पाइपाला मनाई होती!

ही मनाई आधी ब्रिटनमधल्या कील विद्यापीठाच्या आवारात शिथिल झाली. खास सूट मिळाल्यावर २०१९ पासून तिथे २० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळला गेला. अर्थात हे २० टक्के आकारमानाचे. उष्णतेच्या हिशेबात जेमतेम सात. सुरतजवळ कवासला एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ मध्ये असंच मिश्रण सुरू झालं, तेव्हा परवानगी ५ टक्क्यांची होती.

खरा पेच पाइपात निव्वळ हायड्रोजनच सोडायचा ठरल्यावर पडतो. तो किती शुद्ध हवा? गाडीतल्या फ्युएल सेलसाठी (हायड्रोजनपासून वीज बनवणारं उपकरण) आयएसओ १४६८७ हे मानक ९९.९७ टक्के मागतं, आणि गंधक अब्जात चार भागांपेक्षा जास्त चालत नाही. पण गळती नाकाला कळावी म्हणून गॅसला जो वास लावतात, तो सहसा गंधकाच्याच संयुगाचा! शिवाय जुन्या पाइपांत धूळ असते, आधीच्या गॅसचे अंश असतात. कारखान्यातून निघालेली शुद्धता घरापर्यंत टिकणार कशी?

म्हणून घरांत नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजन वापरता येईल का हे तपासणाऱ्या ब्रिटनच्या ‘हाय४हीट’ कार्यक्रमानं बर्नरला पुरेल असा ९८ टक्क्यांचा आकडा सुचवला. मला हे शहाणपणाचं वाटतं : ज्याला फ्युएल सेल चालवायचा आहे, त्यानं आपल्या दारात गाळून घ्यावा. उरलेल्या दोन टक्क्यांत मात्र वाटेल ते खपत नाही. टाउन गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड गळतीत जीव घेई. इथे त्याला दहा लाखांत वीस भागांचीच मुभा आहे.