पायाखालचा लाल रंग: एका स्वागतप्रथेची पार्श्वभूमी

पाहुण्याच्या पायाखाली लाल वस्त्र अंथरण्याचा जो जुना उल्लेख नेहमी दिला जातो, तो इसवी सनपूर्व 458 मध्ये अथेन्सला सादर झालेल्या एस्किलसच्या ‘ॲगामेम्नॉन’ या नाटकातला आहे, आणि तेथे ते स्वागत नसून सापळा आहे. ट्रॉय जिंकून परतलेल्या राजासाठी राणी क्लायटेम्नेस्ट्रा रथापासून राजवाड्याच्या दारापर्यंत जांभळट लाल वस्त्रांच्या पायघड्या घालायला लावते. असा मान देवांचाच असतो हे राजा जाणून असतो. घरची मोलाची वस्त्रे तुडवण्याचीही त्याला लाज वाटते. तरीही राणीच्या आग्रहापुढे त्याचे चालत नाही. निदान देवांची दृष्ट लागू नये म्हणून तो पायताण काढायला लावतो आणि अनवाणी आत जातो. आत त्याचा खून होतो.

राजाचा संकोच नीट समजायचा तर या रंगाची किंमत लक्षात घ्यावी लागते. त्या काळी हा रंग समुद्री गोगलगायींपासून काढत आणि थोड्याशा रंगासाठी हजारो गोगलगायी लागत. पुढे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून कोचिनील, म्हणजे किड्यांपासून मिळणारा लाल रंग, युरोपात आणला. निवडुंगावर वाढणारे हे किडे इतके बारीक असतात की एक किलो वाळलेला माल भरायला साधारण दीड लाख किडे लागतात. मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल मोल याच रंगाला होते आणि त्याचे गुपित स्पेनने दीर्घकाळ जपले. असे कापड अंगावर घेणे हीच श्रीमंतीची खूण असताना ते पायाखाली घालणे म्हणजे ऐश्वर्याची कमाल होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि लाल रंग स्वस्त झाला. मान मात्र ओसरला नाही. तो फक्त विकत मिळू लागला. न्यूयॉर्क ते शिकागो धावणारी ‘ट्वेन्टिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही आलिशान रेल्वेगाडी 1902 मध्ये सुरू झाली आणि तिच्या प्रवाशांसाठी फलाटावर किरमिजी गालिचा अंथरण्याची प्रथा प्रसिद्ध झाली. राजाला जो मान घ्यायला भीती वाटली, तो आता तिकिटाबरोबर मिळत होता, हा बदल मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो.

चित्रपटसृष्टीने पुढचे पाऊल टाकले. हॉलिवूडमधील इजिप्शियन थिएटरमध्ये 1922 साली ‘रॉबिन हूड’ या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला थिएटरचे मालक सिड ग्रॉमन यांनी लाल गालिचा अंथरला, तर ऑस्कर सोहळ्यात तो 1961 पासून दिसू लागला. दूरचित्रवाणीवर ताऱ्यांचे आगमन दाखवले जाऊ लागल्यावर दारापर्यंतची ती वाट हाच स्वतंत्र कार्यक्रम झाला. छायाचित्रकारांची रांग, पोशाखांची चर्चा आणि पोशाख तयार करणाऱ्यांची जाहिरात तेथेच होते, पुरस्कार नंतर.

राष्ट्रप्रमुख विमानाच्या शिडीवरून उतरतात तेथे मात्र गालिच्याचे जुने काम टिकून आहे: यजमान देश पाहुण्याला कोणता दर्जा देतो, हे भाषणाआधीच सांगणे. त्यासाठी लाल रंगच हवा असे आता राहिलेले नाही. ऑस्करने 2023 मध्ये शॅम्पेनच्या छटेचा गालिचा अंथरला. त्याआधी 2021 मध्येच सौदी अरेबियाने राजकीय पाहुण्यांसाठी, वसंतात वाळवंटात फुलणाऱ्या रानफुलांची आठवण देणारा फिकट जांभळा गालिचा स्वीकारला असून त्याच्या काठाला ‘सदू’ या पारंपरिक विणकामाची नक्षी आहे.