शिडाच्या कयाकचा नांगर

शिडावर चालणारी छोटी कयाक पाण्यात एका जागी थोपवून धरण्यासाठी तळात रुतवायचा नांगर, आणि तो नावेशी जोडणारी साखळी, दोर, कप्प्या, कडी व बोया यांची सगळी जुळणी. मोठ्या नौकेसाठी नांगराचा आकार आणि वजन आधी पाहतात. कयाकसाठी हा क्रम उलटा ठेवावा लागतो : दोर नावेला कुठे बांधला आहे आणि वेळ आल्यास तो क्षणात सोडता येतो का, हे आधी ठरवायचे. मोठ्या नौकेला धोका असतो तो नांगर सुटण्याचा. कयाकला तो असतोच, शिवाय नांगर घट्ट बसला म्हणूनही ती उलटू शकते.

कयाकला शीड लावण्याची कल्पना जुनी आहे. जॉन मॅकग्रेगर या ब्रिटिश वकिलाने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या ओकच्या छोट्या नावेतून युरोपातल्या नद्यांचा प्रवास केला, तेव्हा वल्ह्याबरोबर लहानसे शीडही तिच्यावर होते. आजची शिडाची कयाक बहुधा पॉलिएथिलीनची, पाच मीटरच्या आसपास लांबीची असते. कोकणातल्या होडीला उलांडी (तोल सांभाळणारा बाजूचा तरंगता ओंडका) एकाच बाजूला असते; या कयाकला ती दोन्ही बाजूंना असते. हॉबी कंपनीची ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ हा तिचा सर्वांत परिचित नमुना. अमेरिकेत फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर या नावा बऱ्याच दिसतात. टँपा उपसागरापासून की लार्गो बेटापर्यंतची सुमारे ३०० मैलांची ‘एव्हरग्लेड्स चॅलेंज’ ही शर्यत याच किनाऱ्याने जाते. उथळ पाणी, खारफुटीची बेटे, कालवांचे (शिंपल्यांचे) बांध आणि अरुंद तोंडांतून जोरात धावणारी ओहोटी असा हा मुलूख आहे. नांगराचे गुणदोष इथे लगेच उघडे पडतात.

ताण : वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शीड गुंडाळलेले आहे, माणूस बसलेला आहे आणि वाऱ्याला भिडणारे क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटर आहे असे धरले, तर १५ नॉट (ताशी सुमारे २८ किमी) वाऱ्यात ओढ तीन किलोंच्या आत राहते. वारा ३० नॉट झाला की ती चौपट, म्हणजे अकरा किलोंच्या घरात जाते. आकडे लहान दिसतात, म्हणून हलकासा नांगर कुठेही पुरेल असा समज होतो. या हिशेबात लाट धरलेली नाही. लाटेने नाळ (नावेचे पुढचे टोक) उचलली की दोराला बसणारा हिसका या ओढीच्या कितीतरी पट असतो. शीड उघडे राहिले तर सगळाच हिशेब फसतो. नाव पतंगासारखी डावी-उजवी धावू लागते, दर फेरीला दोराची दिशा बदलते आणि रुतलेला फाळ (नांगराचे तळात घुसणारे पाते) हळूहळू उपटला जातो. म्हणून आधी शीड डोलकाठीभोवती पूर्ण गुंडाळायचे, मगच नांगराला हात घालायचा.

निवड : कयाकबरोबर सर्रास विकला जातो तो चार पात्यांचा, घडीचा, पाऊण ते दीड किलोचा नांगर. तो छोट्या पिशवीत मावतो, यातच त्याची लोकप्रियता आहे. खडकाच्या फटीत तो चांगला अडकतो. वाळूत किंवा खाडीच्या मऊ गाळात मात्र त्याची अरुंद पाती तळ नुसता ओरबाडतात. मासे पकडायला तासभर थांबायचे असेल तर तो चालेल. शिडाच्या नावेवर रात्र काढायची असेल तर त्याच्यावर विसंबू नये.

वाळू आणि गाळ यांसाठी दोन सपाट, बिजागरीवर हलणाऱ्या फाळांचा डॅनफर्थ पद्धतीचा नांगर सर्वांत उपयोगी. अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी तो बनवला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौकांवर तो वापरला गेला. वजनाच्या मानाने त्याची पकड फार मोठी असते. फ्लोरिडातच तयार होणाऱ्या ‘फोर्ट्रेस’ या अॅल्युमिनियमच्या प्रकारात सर्वांत लहान नांगर १.८ किलोचा आहे आणि कयाकला तो भरपूर होतो. त्याचे दोष दोन. दाट समुद्री गवतावरून तो घसरत जातो. शिवाय ओहोटीची भरती होऊन ओढीची दिशा उलटली की तो उपटला जाऊ शकतो, आणि फाळांमध्ये एखादा शिंपला अडकला तर पुन्हा रुतत नाही. जिथे प्रवाह दर सहा तासांनी फिरतो तिथे पंजाच्या आकाराचा ब्रूस नांगर बरा. १९७० च्या दशकातला हा प्रकार तेल-विहिरींच्या तरंगत्या मंचांसाठी निघाला, पण तो एक-दोन किलोंतही मिळतो. वळला तरी सहसा पकड सोडत नाही. घडी होत नसल्याने तो जागा अडवतो, एवढीच त्याची तक्रार.

कमी वजनात जास्त पकड हा प्रश्न कयाकवाल्यांच्या आधी विमानवाल्यांना पडला होता. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ मध्ये एका फाळाचा ‘सीक्यूआर’ नांगर तयार केला तो पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी.

साखळी आणि दोर : नांगर रुततो तो आडव्या ओढीने, वर ओढला की सुटतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीपट दोर सोडला यावर सगळे अवलंबून असते. तिप्पट दोराला ताणलेल्या अवस्थेत तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन होतो, पाचपटीला साडेअकरा, सातपटीला आठ. नांगरालगत मीटर-दीड मीटर साखळी जोडली की नांगराचा दांडा तळाशी दबून राहतो आणि हा कोन आणखी उतरतो. ६ मिमीची साखळी मीटरला सुमारे ८०० ग्रॅम भरते. एक किलो जास्तीचा नांगर घेण्यापेक्षा तेवढे वजन साखळीत घालणे कधीही चांगले.

खोली मोजताना नाळेची उंची आणि येणारी भरती धरायला विसरू नये. दोन मीटर पाणी, तीस सेंटिमीटर नाळ आणि अडीच मीटर चढणारी भरती म्हणजे ४.८ मीटर, त्याच्या पाचपट २४ मीटर, सातपट जवळजवळ ३४ मीटर दोर लागेल. फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आसपास असतो, त्यामुळे तिथल्या सवयीने नेलेला दोर मुंबईच्या पाण्यात तोकडा पडेल. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरांच्या वर जातो. दोर नायलॉनचा, ६ ते ८ मिमीचा घ्यावा. तो ताणला जाऊन हिसके गिळतो आणि पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो, पण तरंगतो आणि सुकाणूत किंवा दुसऱ्या नावेच्या इंजिनाच्या पंख्यात गुंततो.

जुळणी : दोर कयाकच्या बाजूला, बसल्या हाताशी बांधणे सर्वांत सोपे आणि सर्वांत घातक. प्रवाहाला नाव आडवी होते, दोर वरच्या अंगाची कड खाली ओढतो, पाणी त्याच कडेवर चढते आणि त्या बाजूची उलांडी पाण्याखाली जाते. मागच्या टोकाला बांधला तर लाट पाठीमागून अंगावर येते आणि दोर सुकाणूत अडकतो. दोर नाळेवरूनच निघाला पाहिजे. पण चालत्या पाण्यात सरपटत नाळेपर्यंत जाणे या नावेत शक्य नसते.

यावर तोड म्हणजे फिरती कडी. नाळेवर एक लहान कप्पी आणि बसायच्या जागेशेजारी दुसरी लावून दोन्हींतून चार-पाच मिमीच्या दोरीचा बंद वेढा ओवतात आणि त्या वेढ्यात एक गुळगुळीत कडी बांधतात. नांगराचा दोर या कडीतून काढून वारा येतो त्या बाजूला नांगर खाली सोडायचा, नाव मागे वाहू द्यायची, पुरेसा दोर सुटला की तो हाताजवळच्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) अडकवायचा आणि वेढा ओढून कडी नाळेला पोचवायची. नाव आपोआप वाऱ्याला तोंड करते. नांगर उचलताना उलटा वेढा ओढला की दोर हातात येतो. उलांडीच्या कयाकमध्ये एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते : हा सगळा दोर उलांडी नावेला जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांड्याच्या खालून, उलांडीच्या आतल्या अंगाने गेला पाहिजे. बाहेरून गेला तर नाव वळताच तो उलांडीवर घासून तिला दाबतो. नाव फार डोलत असेल तर दोन्ही आडव्या दांड्यांना दोरी बांधून तिकोनी ओढ देतात. घडीच्या दांड्यांचे सांधे मात्र त्यासाठी केलेले नसतात, तेव्हा जोराच्या वाऱ्यात नाळच बरी.

क्लीटला दोराची घट्ट गाठ कधीही मारू नये. एका झटक्यात निघेल असाच तिढा हवा आणि दोराच्या शेवटच्या टोकाला बोया. मोठी नौका अंगावर आली किंवा प्रवाह अचानक वाढला, तर दोर बोयासकट टाकून निघून जायचे आणि नंतर परत येऊन उचलायचा. कापण्यासाठी सुरी अंगावरच्या जॅकेटला अडकवलेली असावी. पेटीतली सुरी अशा वेळी हाती लागत नाही.

अडकलेला नांगर सोडवण्याची एक युक्ती खडकाळ तळावर फार उपयोगी पडते. साखळी दांड्याच्या वरच्या छिद्राऐवजी नांगराच्या बुडाला शॅकलने (खिळीच्या लोखंडी कडीने) जोडायची, मग ती दांड्यावरून वर आणून वरच्या छिद्राशी प्लॅस्टिकच्या बारीक पट्टीने बांधायची. रोजच्या ओढीला पट्टी टिकते. फाळ खडकात रुतून बसला तर नाव बरोबर वर आणून जोराने ओढल्यावर पट्टी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा निघून येतो. सौम्य हवेसाठीच ही युक्ती. जिथे रात्रभर झोपायचे तिथे पट्टी तुटून नाव सुटण्याचा धोका पत्करू नये.

गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात नांगराची गरजच नसते. फायबरची दोन-अडीच मीटरची काठी गाळात खोचून नाळ तिला बांधली की भागते.

तळाची काळजी : फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांभोवतीच्या ‘फ्लोरिडा कीज’ सागरी अभयारण्यात तळ दिसत असताना जिवंत प्रवाळावर नांगर टाकायला बंदी आहे. तिथेच की लार्गोजवळ जीवशास्त्रज्ञ जॉन हॅलास यांनी १९८१ मध्ये खडकात छिद्र पाडून कायमचे बोये बसवण्याची पद्धत सुरू केली, आणि पुढे ती जगभर पसरली. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहे आणि चार पात्यांच्या नांगराने तुटलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे लागतात. कयाकचा नाविक पाण्याला जवळजवळ टेकून बसलेला असतो. स्वच्छ पाण्यात त्याला नावेखालची, प्रवाळामधली वाळूची मोकळी जागा दिसू शकते. नांगर तिथेच सोडावा, आणि साखळी वळताना प्रवाळावर घासणार नाही एवढी मोकळी जागा भोवती आहे ना, ते आधी पाहावे. ती नसेल तर पुढे जावे.