अमेरिकेची राष्ट्रीय हौशी मैदानी स्पर्धा, १९१२: नोंदणी, पात्रता आणि हरकत

१९१२ साली या स्पर्धेत उतरायचं, तर तुम्ही किती जोरात पळता हे नंतर पाहिलं जायचं. पहिला प्रश्न असायचा: खेळातून कधी पैसा घेतलाय का?

स्पर्धा भरवायची अमॅच्युअर अॅथलेटिक युनियन. ही संघटना १८८८ ची, आणि त्या काळात तिचा कारभार जेम्स सलिव्हन यांच्या मुठीत होता. खेळाडूने आधी आपल्या भागातल्या संलग्न असोसिएशनकडे नाव नोंदवायचं, मग प्रवेश अर्ज भरायचा. युनियनची मंजुरी नसलेल्या मैदानात कुठे पळालात, तर निलंबन ठरलेलं.

स्पर्धा ज्युनियर आणि सीनियर अशा दोन गटांत होत असे. यात वयाचा संबंध नव्हता. ज्याने अजून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेलं नाही, तो ज्युनियर. हॉवर्ड ड्रू या कृष्णवर्णीय धावपटूने १९१२ ची १०० यार्डांची सीनियर शर्यत जिंकली, तेव्हा तो हायस्कूलमध्ये शिकत होता. महिलांना मात्र दार बंदच होतं. त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२३ मध्ये झाली.

हौशी म्हणजे कोण?

सगळी गोम इथे होती. पैशाच्या बक्षिसासाठी खेळलेला, व्यावसायिकांविरुद्ध बक्षिसासाठी उतरलेला, पोटापाण्यासाठी खेळ शिकवणारा, किंवा खोट्या नावाने भाग घेतलेला, असा कोणीही बाद. पैसा दुसऱ्याच खेळातून मिळाला असला तरी सुटका नव्हती. आपल्याकडच्या जत्रेत एकदा इनामाची कुस्ती मारलेला पैलवान या नियमाने धावण्याच्या शर्यतीतूनही बाद झाला असता.

कागदपत्रांत सगळ्यात वजनदार होती ती खेळाडूची स्वतःची सही. आपण हौशी आहोत, हे तो स्वतःच सांगायचा. त्यामुळे जुनी गोष्ट उघडकीस आली, की दोष थेट त्याच्यावर यायचा.

जिम थॉर्पचं तेच झालं. सॅक अँड फॉक्स या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा हा तरुण मूळनिवासींसाठी असलेल्या कार्लाइलच्या शाळेत शिकत होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) जिंकलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेल्टिक पार्कवर तो युनियनच्या ‘ऑल-अराउंड’ स्पर्धेत उतरला. एकाच दिवसात दहा प्रकार: १०० यार्ड धावण्यापासून गोळा, हातोडा, बांबूउडी, ८८० यार्ड चालणं, ५६ पौंडी वजन फेकणं, आणि अंग पार गळून गेल्यावर शेवटी एक मैल धावणं. ७,४७६ गुण घेऊन त्याने मार्टिन शेरिडनचा विक्रम मोडला.

जानेवारी १९१३ मध्ये वर्तमानपत्रात आलं, की १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची कितीतरी मुलं तेव्हा असं खेळायची, पण टोपणनावाने. म्हणजे ती पैसाही घेत होती आणि नावही लपवत होती, दोन्ही नियमाबाहेर. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला आणि सापडला. सलिव्हनना पत्र लिहून त्याने सगळं कबूल केलं. युनियनने त्याचा हौशी दर्जा काढला, पाठोपाठ पदकंही गेली. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो, कारण नियम कसे वापरायचे हे त्याला कोणी धड सांगितलं होतं असं दिसत नाही, आणि ज्यांना ते पाठ होते त्यांनी स्वतःपुरता मोडलेला नियम मात्र पचवला.

हरकतीची मुदत

दुसऱ्यांवर बोट ठेवताना युनियन आणि ऑलिंपिकवाल्यांनी आपलीच मुदत पाळली नाही. स्टॉकहोमच्या नियमांप्रमाणे एखाद्या खेळाडूच्या पात्रतेवर हरकत घ्यायला ३० दिवस होते. थॉर्पवरची हरकत सुमारे सहा महिन्यांनी आली, म्हणजे ती विचारात घ्यायलाच नको होती. याच मुद्द्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये त्याची विजेतेपदं परत दिली, पण दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंसोबत वाटून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं. थॉर्प १९५३ मध्येच वारला होता.